लाल सिग्नलपाशी

एकोणीस वर्षं मी या लाइनीवर सांधे बदलले.
बत्तीस वाघिणी कोळसा, एक म्हातारं इंजिन.
बोगद्याआधीच्या वळणावर ते दम खायचं
आणि मी घड्याळ न बघता सांगायचो :
चार वाजून दहा.

आता रूळ उचलून नेलेत.
उरलीय डांबराची अरुंद पट्टी, मधोमध तुटक पांढरी रेघ,
कडेला बर्चची झाडं, कुणीच न लावलेली,
खडीत, राखेत आपणहून उगवलेली.
एसेनहून निघालं की बोखुमच्या वेशीपर्यंत
एकही मोटार आडवी येत नाही.
गुडघे म्हणतात, पुरे.
मी म्हणतो, पुढच्या पुलापर्यंत.
मालगाडीसाठी आखलेला चढ अंगावर येत नाही,
कोळशाचे लाड केले होते
ते म्हाताऱ्यांच्या कामी आले.

रविवारी अर्धं शहर इथं.
तिकीटघराच्या खिडकीतून हाइके वॉफल विकते
आणि पंक्चरची ठिगळं, एकाच हातानं.
खाणीतून निघालेल्या दगडमातीचा डोंगर
हिरवा झालाय, वर पोरं पतंग उडवतात.
त्याला आम्ही राखुंडा म्हणायचो.
नकाशावर आता त्याला उद्यान म्हणतात.
असू दे.

नुर्तेन समोरच्या दारात राहते. एकसष्टची.
गावी सायकल भावांनी शिकायची, हिनं धरून ठेवायची.
मार्चमध्ये तिनं जुन्या बाजारातून एक निळी सायकल आणली,
पुढं टोपली, टोपलीत आधीच कांदे.
म्हणाली, श्टाखोवियाक, तू गाड्या वळवायचास ना?
मग मला वळायला शिकव.

इंजिन शेडच्या मागं, मोकळ्या फरशीवर,
ती तीनदा पडली, एकदा माझ्यावर.
कांदे घरंगळत गेले थेट कुंपणापर्यंत.
मी सीट धरून धावत होतो, धापा टाकत,
तर तीच ओरडली,
सोड की आता! मी काय वाघीण आहे?

ऑगस्टात आम्ही पहिल्यांदा लाइनीवर आलो.
दुसऱ्या पुलाच्या अलीकडे ती एकदम उतरली.
दुकान नाही, बाक नाही, नुसतं ब्लॅकबेरीचं रान.
म्हणाली, इथं. याच्या खाली. आठशे मीटर.
जेलाल सत्तावीस वर्षं खाली,
मी वर, दोरीवर चादरी वाळत घालत.
मधे एवढीच जमीन.
चादरी काळ्या व्हायच्या
आणि मी शिव्या त्यालाच द्यायचे.

मी गप्प.
त्यानं वर काढलेला कोळसा
मीच पुढं धाडला असणार, रोज, चार वाजून दहाला.
आमची तोंडओळखसुद्धा नव्हती.
मागून टँडमवर एक जोडपं आलं, घंटी वाजवून गेलं.
तिनं काट्यांत हात घालून एक ब्लॅकबेरी तोडली, मला दिली.
आंबट.
अजून दोन आठवडे, ती म्हणाली,
आणि पेडलवर पाय ठेवला.

बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नल उभा आहे.
पालिकेनं शोभेसाठी ठेवलाय, हात आडवा, रंग ताजा लाल.
तारा नाहीत, खांबाला वेल, खाली कुत्र्यांसाठी पाण्याची थाळी.
मला ठाऊक आहे की तो मेलाय.
तरी त्याच्यापाशी आलो की
माझी बोटं ब्रेकवर जातात,
एक पाय खाली टेकतो,
मी डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो.
दर रविवारी. हाइके हसते, हसू दे.

त्या दिवशीही थांबलो.
नुर्तेन थांबली नाही.
तिला सिग्नल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं,
किंवा होतं.
बोगद्यात शिरताना तिनं घंटी वाजवली, उगाचच,
परत वाजवली, आत भिंतींनी ती मोठी करून दिली.
पलीकडं उजेडाचा एक नाण्याएवढा तुकडा,
त्यात ती लहान लहान होत गेली,
टोपलीतले कांदे खडखडत.

मी घड्याळ पाहिलं.
अकरा वाजून काहीतरी.
पाय उचलला.