सपाट चमचा

व्लास्तिमिलनं तीस वर्षं झातेत्सच्या कारखान्यात
तळघरातली पिंपं राखली
आणि पिंपांनी त्याला.
आता आमच्या चौथ्या मजल्यावर,
ज्यात मी काकड्यांचं लोणचं घालते त्या पातेल्यात
तो सातूचे भाजके मोड भिजवतो,
थर्मामीटर बघतो, वर बोटही बुडवतो.

हॉपची फुलं भावाच्या मळ्यातली. कडूजहर.
घरभर वास,
ओल्या गवताचा, आणि थोडा त्याच्या जुन्या कोटाचा.

आठवडाभर बादली झाकणाखाली पुटपुटते.
मी कान देत नाही.
मग बिअर होते. खरीच.
तीच सगळ्यात अवघड वेळ.
तयार, थंड, सोनेरी,
आणि हा माणूस तिला शेगडीवर चढवतो,
ऐंशी अंशांच्या अलीकडे रोखून धरतो,
जिच्यापायी घरदार उधळलं ती वाफ
अर्धा तास खिडकीबाहेर सोडत राहतो.
पातेल्यापाशी उभा राहून म्हणतो,
उतू नकोस, मातू नकोस.
कुणाला म्हणतो, मी विचारलेलं नाही.

काचेवर थेंब जमतात.
ते मी पुसायचे, असं ठरलंय.
तेवढ्यापुरता तो भिंतीकडे तोंड करतो.
फडकं मी लगेच धुते.
एकदा, खोटं कशाला बोलू, नाकाशी धरलं होतं.
लग्नातला नाच आठवला,
आणि मागोमाग बाकीच्या सगळ्या रात्री, रांगेनं.

"सगळी जात नाही," तो सांगतो. "थोडी उरतेच.
पावात असते तेवढी."
पाव तर आपण रोजच खातो, मी म्हणते.

मग पुन्हा चिमूटभर यीस्ट,
बाटलीमागे चमचाभर साखर,
बुचं ठोकून सगळं कोठीत.

परवा रात्री अडीचला काच फुटली.
मी ताडकन उठून बसले.
पाय आपोआप चपला शोधायला लागले.
जिना, दिवा, खालच्या येर्झाबकोवाबाईंना सांगायचं वाक्य,
सगळं जिथल्या तिथे तयार होतं, इतक्या वर्षांनी.
आणि हात लागला
त्याच्या खांद्याला.
इथेच होता, अंथरुणात,
माझ्याइतकाच दचकलेला.

अनवाणी जाऊ नको, म्हटलं.
कोठीतून काचा गोळा करण्याचा आवाज,
मग फरशी पुसण्याचा, बराच वेळ.
परत आला. पाय गार, बाही ओली.
"साखर जास्त झाली," म्हणाला.
"पुढच्या वेळी चमचा सपाट."