काच दिसता कामा नये

कंत्राटात तसं लिहिलेलंच आहे, पान दोन, कलम सहा:
काच दिसता कामा नये.
चौदा वर्षं मी तेच करतोय, लोअर परळला,
पाळण्यात उभा राहून.
आम्ही त्याला पाळणाच म्हणतो,
दोन मोटरी, चार दोर, झोका मात्र वारा देतो.
रबराची पट्टी वरून खाली एका दमात ओढतो
आणि काच जाते.
उरतं आभाळ, समोरच्या झाडाचा शेंडा,
कधी माझंच तोंड.
या धंद्यात नाव आहे माझं:
शेलटकरने पुसलेली काच
हात लावल्याशिवाय कळत नाही.

पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा वाटलं
वरून कुणी ओला फडका आपटला.
अकराव्या मजल्याच्या काचेवर होल्याचा ठसा होता,
दोन्ही पंख, पिसापिसाची रेघ, डोक्याचा गोल,
पिठाच्या हाताने थाप मारावी तसा.
मी पुसला.
कलम सहा.

खाली फिलोमिना तुस्कानो, हाउसकीपिंगची,
वसईहून पहाटे निघणारी,
केरभरणीत आलेले मोजायची.
हजेरीच्या वहीचं शेवटचं पान:
तारीख, बाजू, पक्षी.
नाव ठाऊक नसेल तर रंग.
हिरवा, लहान, कपाळ लाल. गेला.
करडा, मोठा. गेला.

वैशाखात एका सकाळी तिने खालून शिट्टी मारली.
कुंड्यांमागे नवरंग पडला होता,
रात्रभर कुठून कुठून उडत आलेला
आणि आमच्या आभाळाला धडकलेला.
चोच उघडी, डोळे अर्धे.
मी बाटलीचं झाकण भरून पुढे केलं.
"पाणी नको," ती म्हणाली, "श्वासात जाईल."
"मग काय करायचं?"
"काळोख करायचा."

बुटांचं खोकं, तळाला धुतलेलं पोछ्याचं कापड,
झाकणाला पेनाने पाडलेली भोकं.
जिन्याखाली ठेवला, जिथे एसी पोचत नाही.
उघडायचं नाही, नुसता कान लावायचा.
बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळावं तसे
आम्ही आळीपाळीने ताटकळलो.
दुपारपर्यंत हलला नाही तर बैलघोड्याला न्यायचं ठरलं होतं,
साडेअकराला आतून खरखर आली.

मागच्या भिंतीपाशी, काचेकडे पाठ करून, झाकण काढलं.
तो खोक्याच्या कडेवर बसला.
शेपटी आखूड, कुणी घाईत कातरल्यासारखी.
मग तिथे नव्हता.
फिलोमिनाने वहीत लिहिलं: गेला.
वरच्या सगळ्या ओळींतही तोच शब्द होता.
आम्ही दोघं जरा वेळ त्या पानाकडे बघत राहिलो.

तळमजल्याच्या दाराला पांढरी पट्टी आहे,
माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
तीन वर्षांपूर्वी एका वकिलाचं नाक फुटलं,
दुसऱ्या दिवशी दहाच्या आत पट्टी लागली.
वागळेसाहेबांना मी एवढंच विचारलं,
साहेब, वरच्या मजल्यांना नाक नाही का?
ते हसले नाहीत.
महिन्याने तीन काचा मिळाल्या, प्रयोग म्हणून.
रात्री अकरानंतर वरचे दिवेही विझवतात म्हणे,
मी तेव्हा नालासोपाऱ्यात झोपलेला असतो.

आता पाळण्यातून ठिपके काढतो,
बाहेरच्या अंगाने; आतून काढले तर आभाळात बुडतात.
तीन बोटं सोडून एक, तीन बोटं सोडून एक.
जास्त सोडलं की चिमणीएवढ्याला वाटतं, मी मावेन.
बायको विचारते, रांगोळी कधी शिकलात?
ती ठिपके जोडते.
माझी रांगोळी ठिपक्यांवरच थांबते.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
मी केलेलं काम दिसतं.

तीन काचा झाल्या. बत्तीसशे आहेत.
समोरच्या टॉवरचं कंत्राट दुसऱ्याचं,
पोरं नवीन, हात साफ.
काल तिकडून आवाज आला, ओल्या फडक्याचा.
मी पाळणा मध्येच थांबवला.
तिथे कुणी वाकलेलं दिसलं नाही.
फिलोमिना रस्ता ओलांडत होती,
काखेत खोकं.