कोयता सापडत नाही

कोयता सापडत नाही, हे मी आषाढापासून सांगते आहे
आणि ते खोटं नाही.
शेवटचा तो बिमलीच्या बुंध्याला टेकवलेला आठवतो.
मग बुंधाच दिसेनासा झाला.

बोरीला आमच्या रस्त्यावर अकरा घरं.
दहांच्या पुढे सिमेंटचे ठोकळे, कुंड्या एका मापाच्या,
कुंडीत एकेक झाड, शाळेच्या फोटोत उभं केल्यासारखं.
अकराव्या घरी अळू पायरीवर आलं आहे.
आत जाताना त्याला सरक म्हणावं लागतं.

मी लावलं म्हणावं असं यात फारसं काही नाही.
पपई बुलबुलाची.
टोमॅटो मोरीच्या पाण्याचा.
आबोली आधीच्या भाडेकरणीची; ती वास्कोला गेली,
आबोली म्हणाली, मी थांबते.
तोरिंग कुणाचं, ठाऊक नाही. काटे मात्र ओळख दाखवतात.
जांबावर हुमल्यांनी पानं शिवून घर केलंय,
भाडं चावून चुकतं करतात.

समोरचे केंकरे दर रविवारी कुंपणाशी येऊन
"बाई, सर्प येतील," म्हणतात.
येतो ना, मी म्हणते. धामण आहे. तीनच्या सुमाराला जाते.

मग त्यांनी बोस्त्यांवला मशीन देऊन पाठवलं,
अर्धे पैसे आपण भरू म्हणाले.
बोस्त्यांवनं मशीन सुरू केलं, बंद केलं,
सुरू केलं,
मग वाकून कसलंसं पान चुरडून हुंगलं.
"हे नेऊ? बायकोचे गुडघे धरतात."
पिशवी भरून गेला. पेट्रोल जेवढ्यास तेवढं.

चवथ दोन दिवसांवर आली तेव्हा
संध्याकाळी फाटक वाजलं. वाजलं म्हणजे,
वेलीनं ते धरून ठेवलंय, ओढाताणीचा आवाज झाला.
केंकरे. हातात काठी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
माटोळीला कवंडळं मिळत नव्हती.
फोंड्याच्या बाजारातला भाव सांगताना आवाज चिरकला.
"तुमच्याकडे असतील, असं... हिला वाटलं."

मी पुढे, ते मागे,
माझ्या पावलांत मोजून पाऊल टाकत.
विहिरीच्या कठड्यावरून कवंडळं लोंबत होती, लालभडक,
कुणी न विचारता पिकलेली.
घागऱ्याही होत्या. त्यांनी एक शेंग कानाशी धरून वाजवली,
आणि मी पाठ वळवल्यावर पुन्हा.

"खत कुठलं घालता?"
काही नाही.
"काहीच नाही?"
बाई गुपित सांगत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं.
तोरिंगही नेलं. दोन.

निघताना गवतात त्यांचा पाय कशाला तरी लागला.
वाकून त्यांनी गवत बाजूला केलं,
पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं.
काय आहे हो?
"काही नाही," म्हणाले केंकरे,
आणि गवत होतं तसं
वरून पुन्हा पसरून ठेवलं.