बोळ

जूनमध्ये सोहारला थंड नळातून चहाचं पाणी येतं.
गार हवं असेल तर गिझर बंद ठेवायचा
आणि लाल खुणेचा नळ सोडायचा.
पहिल्या उन्हाळ्यात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारचे तीन. दिगंबर अजून भट्टीवर.
मी डाव्या कुशीवर,
आणि अबोली अंगावर पिते आहे,
एक पाय माझ्या पोटावर टाकून.
तिची टाच बरोबर तिथे
जिथे आतून दुसरी टाच लागते.
मधे मी,
पापडाएवढी जाड.

सोळा दात आहेत तिला.
दुखतं, ते सोसवतं.
पण दुखण्यामागून एक चीड येते, अंगठ्यापासून चढत,
की ढकलून द्यावं हे पोर,
माझं, अडीच वर्षांचं, घामेजल्या जावळाचं,
आणि जाऊन उभं राहावं नुसतं गॅलरीत,
त्या धगीत, कुणाचीही नसल्यासारखं.

म्हणून आम्ही मोजतो.
दहा झाले की सोडायचं, असा करार.
आकडे ती अशी शिकली, तोंडात घेऊन, नाकातून.
पण लबाड आहे.
सातानंतर परत तीन म्हणते.

सासूबाई फोनवर: पोटुशीचं दूध बाधतं गं,
पोर किरकिरं होतं. तोड आता.
डॉक्टरीण म्हणाली, कळा नाहीत, रक्त नाही, मग पाजा की.
दिगंबर म्हणाला, तू ठरव.
(हे वाक्य त्याला फार सोपं जातं.)
आईनं काहीच न म्हणता
पावसकरांच्या सुनेबरोबर काळा बोळ पाठवला,
कॅलेंडरच्या कागदाची पुडी, वर कुठलीशी एकादशी.

विमानतळावर कस्टमवाल्यानं पुडी हुंगली म्हणे
आणि हसला. सबर, म्हणाला.
त्याच्याही आईनं लावला होता.
खालच्या मजल्यावरच्या उम् राशिदला विचारलं,
तर ती म्हणाली, कोरफडीचा हा कडू रस, तोही सबर,
आणि माणसानं धरायचा तो धीर, तोही सबरच.
म्हणजे सबुरी.
मला इतकी वर्षं वाटायचं, शब्द आमचाच आहे.

चमच्यात उगाळला. लावला.
तिनं तोंड लावलं,
आणि सगळा चेहरा मुठीसारखा आवळला.
रडेल म्हणून मी श्वास धरून.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग पलंगावरून उतरली, पोटावर घसरत,
स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन आली.
आई, तुला घाण लागलीय. थांब हं.
आणि पुसलं. जीभ बाहेर काढून, नीट,
जसं मी तिचं नाक पुसते.
मग प्यायली.

उरलेली पुडी मी लाल नळाखाली सोडली.
मोरीभर काळं पाणी झालं.

ऑगस्टात दूध आपणहून गेलं.
ती ओढायची, थांबायची, कान लावून ऐकायची.
टँकर नाही आला, म्हणायची,
बिल्डिंगच्या टाकीसारखं, तक्रार न करता,
आणि तशीच कोरडी चोखत झोपायची.
बाहेर बंदराच्या तोंडाशी जहाजं थांबलेली,
रात्रभर दिवे लावून, आत यायची परवानगी मिळेपर्यंत.
मी ती मोजायची. कधी चौदा, कधी सतरा.

ऑक्टोबरच्या शेवटी शमाल जरा गार झाला,
थंड नळ थंड झाला,
आणि कपड्यांवर पिवळा डाग दिसला.
चीक. घट्ट, मधाच्या रंगाचा,
पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखा.

अबोलीनं चाखला.
खारट, म्हणाली.
थोडा विचार केला.
हे बाळाचं आहे.
तरी पुन्हा तोंड लावलं, निरोप घ्यावा तसं नाही,
सवयीनं, एक हात माझ्या गळ्यातल्या पोतीत अडकवून,
आणि मोजायला लागली.
पाच. सहा. सात.
मी तीनची वाट बघत होते.
आठ, म्हणाली. नऊ. दहा.
आणि सोडलं.

अकरा, मी म्हटलं.