खोबरेल

म्हापशाच्या भंगारवाल्याने ती वजनावर दिली,
लोखंडाचा भाव, लाकूड फुकट.
हळदोण्याच्या कुणा एर्मेलिंदाबाईंची,
भाचा पोर्तुगालला गेला, घर रिकामं केलं,
एवढंच त्याला ठाऊक.
मी घासाघीस केली नाही.
चोडणची फेरी चुकली असती.

बोटीवर तिला सुंभाने कठड्याला बांधली
आणि सवयीने इंजिनाकडे कान लावून उभा राहिलो.
एकतीस वर्षं याच पाण्यावर ग्रीस खाल्लंय.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
हात मात्र कुणी परत मागून घेतले नाहीत.

चाक फिरेना.
माझ्याकडे येतात त्या सगळ्या अशाच, जाम.
तेल संपलं म्हणून नव्हे, तेल घातलं म्हणून.
मशीनचं तेल बाजारात, खोबरेल हाताशी;
केसांना, कढईला, देवाच्या दिव्याला, मग हिलाही.
कुरकुरली की दोन थेंब. मायेनेच.
तेच आतल्या आत आळत जातं,
आधी मध, मग डिंक, मग लाख.
मोडलेलं कुठे काही नसतं.

रॉकेल आता मिळत नाही, डिझेलवर भागवतो.
चहाच्या गाळणीत स्क्रू, करवंटीत स्प्रिंगा.
दात्यांच्या फटीतून सुईने कापूस काढला, घट्ट बसलेला, करडा;
कुणाच्या लग्नाच्या झग्याचा असेल,
किंवा शाळेच्या शर्टांचा. मला काय कळणार.

सरकपट्टीखाली शटल, बोटभर लांब,
नाकाशी निमुळतं, थेट होडी.
आत अजून धागा होता. जांभळा,
उपासाच्या दिवसांत इगर्जीत लागतो तसा.
ड्रॉवरात हुकं, झिजलेला खडू
आणि एक चिठ्ठी :
छाती चौतीस, बाही सतरा, शुक्रवारी हवं.

चौथ्या दिवशी चाक अर्ध्यावर आलं आणि थांबलं.
मी जोर केला नाही.
जोर केल्यावर काय होतं ते बोटीवर पाहिलंय,
माझ्या डाव्या करंगळीनेही पाहिलंय.
मुलीचा केस सुकवायचा ड्रायर आणला,
गरम वारा सोडत बसलो सांध्यांवर.
खवट, गोडसर वास सुटला
आणि ओटीवर कुणीतरी कुणाची तरी
वेणी घालायला बसल्यासारखं वाटलं.

मला शिवता येत नाही. बटणसुद्धा.
म्हणून शेवटी सुलक्षाला हाक मारतो.
ती हात पुसत येते,
माझ्या जुन्या लुंगीचा तुकडा सुईखाली सरकवते,
पायाने लय धरते आणि बघत बसते खाजनातल्या मानशीकडे.
कापडाकडे नाही.
‘वरचा ताण सैल.’
मी पेच पिळतो.
‘आता बरोबर.’ आणि उठून जाते.
सात मशीनींच्या सात रेघा आहेत त्या तुकड्यावर.

तिचीही होती एक. माहेराहून आलेली, हाताची.
ब्याण्णव साली मी विकली,
भावाच्या होडीला मोटर बसवायला.
मोटर तीन पावसाळे चालली.
त्यावर ती कधी बोलली नाही, मीही नाही.
फक्त नवी आणली की घासण्याआधी
मी तिच्यावरचा नंबर वाचतो,
जसा काही तिचा मला पाठ होता.

आज आठवी रेघ.
शटलातला तोच जांभळा धागा, उरला होता तेवढा.
टाका उलटून पाहिला तिने, नखाने ओढून पाहिला.
ताणाबद्दल काही म्हणाली नाही.
आत गेली, उशीचा उसवलेला अभ्रा घेऊन आली,
मग पडदा, मग आणखी काहीतरी.

रविवारी मडगावचं गिऱ्हाईक येणार होतं,
विसार देऊन गेलेलं.
मी अंगणात जाऊन फोन लावला,
म्हटलं, नाही हो, जाम आहे अजून,
चाकच फिरत नाही.
तो गप्प झाला क्षणभर.
ऐकू जात असणार त्याला
माझ्या मागे चाललेली ती.