तीन नंबरचा खांदा

गावात बातमी आली तेव्हा लोकांनी ऐकलं, रब्बी.
"दलशेर तडवी देशाकडून रब्बी खेळतो म्हने."
फत्तूचाचा म्हणाला, रब्बी पेरतात रे,
खेळतात कुठी?

तसा तो खेळत नव्हताच.
रेटत होता.
सोळाव्या वर्षापासून सावद्याच्या धक्क्यावर
केळीचे घड वॅगनपर्यंत नेताना रेटायचा, तसाच.
मानेवर चिकाचे काळे डाग,
ज्यांच्यापुढे सगळे साबण हरले.

सुभेदार खैरनारांनी त्याला चेंडू दाखवलाच नाही आधी.
गुरांच्या बाजारात बैलाची चाचपतात
तशी मान चाचपली,
आणि म्हणाले, उद्या ये. बूट मी आणतो.

मी हुकर. दोन नंबर.
आठ वर्षं माझा उजवा हात त्याच्या पाठीभोवती.
स्क्रममध्ये मैदान दिसत नाही,
दिसतं मूठभर गवत, एखादी मुंगी,
समोरच्याच्या बुटाची सुटलेली नाडी.
त्या अंधारात तो पुटपुटायचा,
दम धर निळ्या. पाय उचलू नको.

सतरा आंतरराष्ट्रीय सामने.
ट्राय शून्य.
पेपरात फोटो आला एकदा. त्यात दलशेर म्हणजे
एक पाठ आणि अर्धा तीन.
मायनं तेवढाच कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून डकवला.

मग परदेशात एका धुक्याच्या दुपारी
स्क्रम बसला.
भिंत बसते तसा, आवाज न करता.
माझा हात अजून त्याच्या पाठीवरच होता.
"मायले सांगजो, मी पडलो नही.
खालून जमीन सरकली."

आता तो सावद्यालाच, वजनकाट्यावर.
कान फुलकोबीच्या गड्ड्यासारखे.
मान वळत नाही, हाक मारली की
गोठ्याच्या फाटकासारखा अख्खा वळतो.
पावतीवर सही करतो, किलो सोडून काही बोलत नाही.

परवा घडांनी भरलेली ट्रॉली रुतली काट्याजवळ.
पोरं नुसतीच ओरडत होती.
डॉक्टरनं मना केलेलं, तरी तो उठला,
उजवा खांदा फळीला लावला, वाकला,
आणि डावा हात
बाजूला उघडा धरून थांबला.

मी चपला काढल्या
आणि आत शिरलो.