मंगळवारच्या सभेचं इतिवृत्त

किसुमू. हजर एकोणीस.
तळलेला मासा दोघांना पुरला नाही.
'माझं काम' सांगायची पाळी आज विल्फ्रिडा अकुमूची.
कागद आणला नव्हता. चष्माही.

म्हणाली, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात.
समोर भोकांची भिंत, हातात वायरी,
इकडचा आवाज तिकडे लावून द्यायचा
आणि कान काढून घ्यायचा.
"काढलात?" वकील ओमोलोंनी विचारलं.
ती त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.
ओमोलो माशाचे काटे वेचू लागले.

मग मशीन आलं. मग रक्तपेढी, रात्रपाळी,
झोपलेल्यांना फोनवर उठवून रक्त मागायचं.
शिव्या सगळ्या भाषांतल्या येतात, म्हणाली. (हशा.)

लक्षात राहिलेला कॉल?
मोंबासाहून एक बाई, अठ्ठ्याहत्तर साल.
पलीकडे कुणी उचलेना.
नियम तीन मिनिटांचा.
"मी वाजू दिला."
किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही,
मीही लिहिलं नाही.

अध्यक्षांनी घंटा वाजवली, कप दिला, आभार मानले.
खुर्च्या सरकल्या.
ती माइकची वायर
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
गुंडाळत उभी.
कुणी सांगितलं नव्हतं.